सेन्को रजेवर असताना

सोमवारी सकाळी शाळेच्या ऑफिसात फोन वाजतो. पलीकडून ऑफस्टेडचं, म्हणजे इंग्लंडच्या शाळातपासणी संस्थेचं, नाव ऐकू आलं की मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार बंद होतं, आणि ते पुन्हा उघडायच्या आत बातमी स्टाफरूममध्ये पोचलेली असते. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना नेहमीच्या तपासणीची पूर्वसूचना मिळते ती जेमतेम एका दिवसाची. मंगळवारी सकाळी इन्स्पेक्टर दारात हजर. मधल्या त्या संध्याकाळी शाळेतले दिवे उशिरापर्यंत चालू असतात, फोटोकॉपीचं यंत्र तापलेलं असतं, आणि या धावपळीत सगळ्यात जास्त कागद एकाच टेबलावर साचतात. ते टेबल सेन्कोचं. विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेत जे काही केलं जातं त्याची घडी बसवणारी, ती टिकवणारी शिक्षिका म्हणजे सेन्को.

मी अशाच एका प्राथमिक शाळेची गव्हर्नर, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची सदस्य, आहे. (हे पहिल्यांदा फोनवर आईला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे क्षणभर राजभवन उभं राहिलं. प्रत्यक्षात हे बिनपगारी काम आहे. सत्रातून काही बैठका, ढीगभर वाचन आणि थंड झालेला चहा.) आमच्या मंडळात विशेष गरजांचा विषय माझ्याकडे आहे, त्यामुळे दर सत्रात एकदा सेन्कोबरोबर बसायचं, विचारायचं, पाहायचं आणि मंडळाला कळवायचं हे माझं काम.

मागच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सेन्कोने मला तिची फाइल दाखवली. रंगीत पट्ट्या लावलेली, मुलांच्या यत्तेप्रमाणे विभागलेली, कोणत्या मुलाला आठवड्यातून किती वेळा कोणती जादा मदत मिळते याचा तक्ता पहिल्याच पानावर. मी मनापासून कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरबाईंनी आम्हा गव्हर्नरांना बोलावलं, थोडं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, "उपयोग होत नाही म्हणून गेल्या वर्षभरात तुम्ही कोणती मदत बंद केली?" मी शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने खिडकीकडे. फाइलमध्ये काय काय चालू आहे ते सगळं होतं. त्यातलं काय लागू पडतं आणि काय नाही, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं.

त्या प्रश्नापासून माझं एक मत बनत गेलं आहे. विशेष गरजांच्या बाबतीत शाळा तपासणीला तयार आहे की नाही हे सेन्कोच्या फाइलवरून ठरवू नये. तपासणीच्या दिवशी सेन्को आजारी पडली, घरी झोपून राहिली, आणि तरीही वर्गशिक्षिकांना, मदतनीसांना आणि खुद्द मुलांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देता आली, तर ती शाळा तयार आहे. सगळी उत्तरं एका माणसाच्या डोक्यात आणि एका फाइलमध्ये असतील, तर फाइल कितीही देखणी असो, शाळा तयार नाही.

यावर कुणी म्हणेल की फाइल मागतं कोण, ऑफस्टेडच ना? तर नाही. अमुक नमुन्यात नोंदी ठेवा, अमुक तक्ते आमच्यासाठी बनवा अशी आपली मागणी नसल्याचं ऑफस्टेड गेली कित्येक वर्षं लेखी सांगत आलं आहे. तरीही तक्ते बनतात, कारण भीती वाटते, आणि त्या भीतीला इतिहास आहे. इंग्लंडमध्ये शाळातपासनीस नेमायला १८३९ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा ते होते फक्त दोघे. १८६२ मध्ये सरकारने तपासणी आणि अनुदान यांची थेट गाठ मारली. वाचन, लेखन, अंकगणित, या तीन विषयांत तपासनीस प्रत्येक मुलाची परीक्षा घेई, आणि मूल ज्या विषयात नापास होई त्यापोटी शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. मग शाळांनी काय केलं असेल ते सांगायला नको. मुलांना पाठ्यपुस्तकं तोंडपाठ करवली गेली. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी त्या काळी स्वतः शाळातपासनीस होता. शिकवणं यांत्रिक होत चालल्याची तक्रार तो आपल्या अहवालांतून करत राहिला. ही पद्धत शतक संपत येईपर्यंत टिकली. त्या हिशेबात कितीही घोकून पास न होणाऱ्या मुलाची किंमत शाळेच्या लेखी काय उरत असेल? जिथून काही यायचंच नाही ते खातं. दिपोटीसाहेब तपासणीला येणार म्हणून आमच्या आजोबांच्या शाळेत अंगण सारवलं जाई आणि 'ढ' मुलांना त्या दिवशी घरी राहायला सांगत, असं ते हसत हसत सांगायचे. विनोद म्हणून ऐकलेली ती गोष्ट आता तितकी विनोदी वाटत नाही.

ऑफस्टेड ही संस्था १९९२ च्या कायद्याने आली आणि पुढे कित्येक वर्षं शाळांना एका शब्दात तोलत राहिली: उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. तो एका शब्दातला निकाल सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाला. त्याआधी २०२३ च्या सुरुवातीला एका मुख्याध्यापिकेने आयुष्य संपवलं होतं आणि त्याला तपासणीचा हातभार लागला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने काढला होता. तेव्हा फाइली सजवणाऱ्या शिक्षकांची टिंगल करायचा माझा हेतू नाही. ज्या फोनमुळे माणसं अशी मोडून पडू शकतात, त्या फोननंतर कागद छापत बसावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

फक्त ते कागद मुलापर्यंत पोचत नाहीत.

एक मुलगी घेऊ. आठ वर्षांची, चौथ्या वर्षात (इथे यत्तेला 'वर्ष' म्हणतात). तिला भाषेच्या विकासातली अडचण आहे. तीस मुलांच्या वर्गात अशी साधारण दोन मुलं असतात, पण ती लक्षात येत नाहीत, कारण ती गोंधळ घालत नाहीत. बाई म्हणतात, "पुस्तकं आत ठेवा, पांढरे बोर्ड काढा आणि काल आपण काय शिकलो ते शेजाऱ्याला सांगा." तीन सूचना, एका दमात. मुलगी पहिली सूचना पकडते, दुसरीसाठी शेजारच्या मुलाकडे बघते आणि तिसरीच्या वेळी हसून गप्प बसते. वर्ग पुढे जातो. सेन्कोच्या फाइलमध्ये या मुलीचं पान आहे. त्यावर उद्दिष्ट लिहिलंय: 'ऐकण्याची एकाग्रता वाढवणे'. उपाय: आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, वर्गाबाहेर भाषागट. शेवटी परीक्षणाची तारीखही आहे.

आता इन्स्पेक्टरच्या जागी स्वतःला ठेवा. हे पान वाचून तुम्हाला काय कळलं? मुलगी भाषागटाला जाते, एवढंच. आठवड्याच्या पंचवीसेक तासांतले चाळीस मिनिटं तिची सोय झाली. उरलेल्या वेळाचं काय? ते पाहायचं तर वर्गात जाऊन बसावं लागतं, आणि जाणते इन्स्पेक्टर नेमकं तेच करतात. काही मोजकी मुलं निवडतात, त्यांच्याबद्दलचे कागद वाचतात, मग त्यांच्या तासाला बसतात, वह्या उघडतात, मुलांशी बोलतात आणि शेवटी बाईंना विचारतात: या मुलीला काय जड जातं? त्यासाठी आज तुम्ही काय वेगळं केलंत? कशावरून कळलं की ते लागू पडलं?

बाई म्हणाल्या, "तिच्याबद्दल सेन्को सांगतील," तर सगळी फाइल त्या एका वाक्यात बुडाली. त्या म्हणाल्या, "तिला एका वेळी एकच सूचना पेलते, म्हणून मी फळ्याच्या कडेला तीन चित्रं लावते, आणि नवे शब्द आदल्या दिवशी तिच्याशी बोलून घेते. बेरजेला उपयोग झाला, गोष्ट लिहिताना अजून नाही," तर फाइल नसली तरी बिघडत नाही. इंग्लंडच्या विशेष गरजांच्या आचारसंहितेत, जिची सध्याची आवृत्ती २०१५ ची आहे, हे स्पष्ट लिहिलेलं आहे: वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या प्रगतीची जबाबदारी वर्गशिक्षकाची, त्या मुलाला मदतनीस किंवा तज्ज्ञ मिळत असला तरीही. पाहा, समजून घ्या, ठरवा, करा, पुन्हा पाहा, असं चक्र त्या संहितेने घालून दिलं. शाळांमध्ये त्यातला 'ठरवा' फार जोमात होतो, कारण त्याचा कागद बनतो. 'पुन्हा पाहा' मात्र बहुतेकदा तारखेपुरता उरतो, आणि आमच्यावर इन्स्पेक्टरबाईंच्या प्रश्नापुढे गप्प बसायची वेळ आली ती तिथेच.

मदतनीसांची गोष्ट याहून नाजूक आहे. इथे त्यांना टीए म्हणतात. मूल अडखळतं, मग शेजारी टीए बसते. पालकांना बरं वाटतं, बाईंना उसंत मिळते, कागदावर 'पूर्णवेळ आधार' अशी ओळ येते. २००९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी टीएंच्या कामावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा एक विपरीत गोष्ट समोर आली: सारख्याच पातळीच्या मुलांमध्ये ज्यांना टीएची मदत जास्त मिळत होती त्यांची प्रगती कमी होती. दोष टीएंचा नव्हता, आणि हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण शाळेत सर्वांत कमी पगार घेणाऱ्यांत त्या असतात. त्यांना तासाआधी बाईंशी बोलायला वेळच मिळत नसे. आज काय शिकवायचं आहे हे त्यांना मुलांबरोबरच कळे. मग हातातलं काम पुरं व्हावं एवढंच ध्येय उरतं, आणि ते पुरं होतं, कारण निम्मं टीएच करते. दरम्यान बाईंचं लक्ष उरलेल्या एकोणतिसांकडे. म्हणजे ज्या मुलाला वर्गातली सर्वांत कसलेली शिक्षिका हवी होती, तेच तिच्यापासून सर्वांत लांब बसलं.

तपासणीत हे कसं दिसतं? वहीत सुरेख, पूर्ण, नीटनेटकं काम. इन्स्पेक्टर वाकून विचारतात, "हे कसं केलंस?" आणि मूल टीएकडे बघतं.

तेव्हा तपासणीच्या तयारीला एकच तास मिळणार असेल, तर तो फाइलवर घालवू नये, टीए आणि वर्गशिक्षिका यांना आठवड्यातून पंधरा मिनिटं समोरासमोर बसता येईल असं वेळापत्रक आखण्यात घालवावा. हे फोन आल्यावर होत नाही. सप्टेंबरात, वर्ष सुरू होताना करावं लागतं. त्याला पैसे लागतात, कारण टीएला त्या पंधरा मिनिटांचा पगार द्यायला हवा. आणि पैशांचा निर्णय गव्हर्नर मंडळ घेतं, म्हणजे मी. सेन्कोच्या फाइलचं कौतुक करणं मला त्याहून स्वस्त पडलं होतं.

सेन्कोच्या वेळेचंही तसंच. बऱ्याच प्राथमिक शाळांमध्ये सेन्को अर्धा आठवडा स्वतः वर्ग घेते. या कामासाठी तिला पुरेसा वेळ द्या असं आचारसंहिता म्हणते, पण पुरेसा म्हणजे किती तास ते सांगत नाही. मग अर्ज, स्थानिक कौन्सिलशी पत्रव्यवहार आणि पालकांच्या भेटी यांतच तिचा तो वेळ संपतो, आणि सहकाऱ्यांच्या वर्गात जाऊन त्यांच्याबरोबर शिकवायला, दाखवायला, चुका सुधारायला ती मोकळी होतच नाही. ते करायला मिळालं असतं, तर तिच्या डोक्यातलं ज्ञान इतरांच्या हातांत उतरलं असतं.

शिक्षकांची बाजू मला ऐकू येते. वर्गात तीस मुलं, त्यांतली पाच-सहा विशेष गरजांच्या यादीत, प्रत्येकाची अडचण निराळी. एका बाईने काय काय लक्षात ठेवायचं? जानेवारी २०२५ च्या सरकारी मोजणीत इंग्लंडमधली १४.२ टक्के मुलं शाळेच्या पातळीवरच्या आधारावर होती आणि आणखी ५.३ टक्के मुलांकडे ईएचसी प्लॅन होता, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांची कायद्याने बांधलेली योजना. जवळपास पाचातलं एक मूल. गंमत अशी की १९७८ मध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने हाच अंदाज केला होता: पाचातल्या एका मुलाला शालेय आयुष्यात केव्हा ना केव्हा जादा मदत लागेल. त्याआधी मुलांना दोषांच्या ठरावीक वर्गवारीत टाकलं जाई, आणि १९७१ पर्यंत तर काही मुलांना शिकवताच येत नाही असं ठरवून शाळेच्या बाहेरच ठेवत. मुलात दोष काय हे शोधण्याऐवजी त्याची गरज काय हे विचारायचं, हा या समितीने घडवलेला बदल. पाचातलं एक मूल म्हणजे अपवाद नव्हे; तो वर्गाचा नेहमीचा भाग. बाईंना पाच निराळे अभ्यासक्रम लक्षात ठेवायचे नाहीत. टप्प्याटप्प्याने समजावणं, नवे शब्द आधी उलगडणं, कळलं का हे खरंच तपासणं, आधार देऊन हळूहळू काढून घेणं, ही शिकवण्याची साधी चांगली पद्धत आहे आणि बहुतेक गरजा तिच्यात भागतात. उरतं ते थोडं, आणि तेवढं खास लक्षात ठेवता येतं.

उलट बाजूने पाहिलं तर अडचणीचंच चित्र दिसतं. २०१० मध्ये ऑफस्टेडने स्वतः या विषयाचा मोठा आढावा घेतला आणि म्हटलं की त्या वेळच्या सर्वांत खालच्या पायरीवर नोंदलेल्या मुलांपैकी निम्म्यापर्यंत मुलं शिकवणं सुधारलं असतं तर त्या यादीत आलीच नसती. शिक्षक संघटनांना ते झोंबलं, काहीसं रास्तच झोंबलं. तरी यादी वाचताना मी तो प्रश्न मनात ठेवते: या मुलाला गरज आहे, की याला गेली दोन वर्षं बदली शिक्षकच मिळत राहिले?

इथे आपल्या लोकांसाठी एक आडवळण. घरी मराठी बोलणारं मूल रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेतल्या अगदी पहिल्या, वर्गात गप्प बसलं की दोन चुका होऊ शकतात. एक, भाषेच्या फरकालाच अडचण समजून मुलाचं नाव यादीत घालायचं. इंग्लंडच्या २०१४ च्या कायद्यात हे स्पष्ट नाकारलं आहे. घरची भाषा वेगळी, एवढ्यावरून मुलाला विशेष गरज आहे असं म्हणता येत नाही. दुसरी चूक जास्त सभ्य आणि म्हणून जास्त धोक्याची: 'इंग्रजी आलं की सुधारेल' म्हणत दोन वर्षं वाट पाहायची, आणि मूल मराठीतही तीन शब्दांपलीकडे जात नव्हतं हे कुणी आईला विचारायचंच नाही. अशा घरांतल्या आयाही बरेचदा बोलत नाहीत. चारचौघांत नाव निघेल ही धास्ती असते, शिवाय घरी इंग्रजीच बोला असा चुकीचा सल्ला कुणीतरी दिलेला असतो. शाळेने घरच्या भाषेत मूल कसं बोलतं याची चौकशी केली होती का, हे मी आता मुद्दाम विचारते. या एका प्रश्नाने शाळेची तयारी कितपत खरी आहे ते चटकन कळतं.

मग कागद नकोतच का? तसं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल, आणि ज्या पालकांनी कागदासाठी झगडा दिला आहे त्यांचा अपमानही. ईएचसी प्लॅनमध्ये लिहिलेली मदत देणं कायद्याने बंधनकारक असतं. 'आवश्यकतेनुसार भाषोपचार' असं लिहिलं की मुलाला काही मिळत नाही. 'आठवड्यातून एकदा, पंचेचाळीस मिनिटं, भाषोपचारतज्ज्ञाकडून' असं लिहिलं तरच मागता येतं. हा प्लॅन वीस आठवड्यांत द्यायचा असतो आणि अलीकडे निम्म्याच्या आसपासच तो मुदतीत मिळतो. कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणात गेलेले पालक बहुतांश वेळा जिंकतात, आणि शाळेने नीट ठेवलेल्या नोंदी त्यांना तिथे उपयोगी पडतात. शिक्षिका बदलली, मूल माध्यमिक शाळेत गेलं, तर आधीचं शहाणपण पुढे नेतो तोही कागदच. म्हणून माझी कसोटी साधी आहे: इन्स्पेक्टर नसताना हा कागद पुढच्या महिन्यात कोण उघडणार? नाव सांगता आलं तर ठेवावा. नाही सांगता आलं तर तो फक्त मंगळवारसाठी बनला आहे.

नोव्हेंबर २०२५ पासून ऑफस्टेडची नवी पद्धत आली. आता शाळेला प्रगतिपुस्तकासारखा अहवाल मिळतो, त्यात निरनिराळ्या बाबींवर पाच पायऱ्यांचे शेरे असतात, आणि त्यांतली एक स्वतंत्र बाब आहे समावेशन. विशेष गरजांची मुलं, गरिबीतली मुलं, सरकारी देखरेखीखालची मुलं शाळेत खरोखर सामावली आहेत का, याला वेगळा शेरा. मला हे पाऊल योग्य वाटतं. इतकी वर्षं हा विषय बाकीच्या शेऱ्यांच्या पोटात दडून जात असे. पण शेरा आला की तालीम आली, आणि समावेशनाची तालीम फार सहज करता येते. स्वागतकक्षात फलक, 'समावेशन सप्ताह', मुलांच्या हातांच्या ठशांचं झाड.

जे तालमीत बसत नाही ते शाळेच्या दाराबाहेर असतं. इंग्लंडच्या पैशांच्या रचनेत विशेष गरज असलेल्या मुलावरच्या जादा खर्चातले पहिले ६,००० पौंड शाळेने स्वतःच्या बजेटमधून काढायचे असा संकेत आहे. अशी मुलं ज्या शाळेत जास्त येतात तिच्यावर भार जास्त, आणि ज्या शाळेत येत नाहीत तिची आकडेवारीही सुरेख आणि तिजोरीही शाबूत. 'आमच्यापेक्षा ती पलीकडची शाळा तुमच्या मुलासाठी जास्त चांगली आहे, त्यांच्याकडे अनुभव आहे,' हे वाक्य प्रवेशाच्या वेळी किती गोड आवाजात सांगितलं जातं हे पालकांना विचारा. त्याचा कुठे कागद होत नाही. तसंच, 'आज तो फार अस्वस्थ आहे, दुपारी घेऊन जाल का?' असा आईला येणारा फोन. मुलाला रीतसर निलंबित न करता शांत होण्यासाठी घरी पाठवणं बेकायदा आहे, पालकांनी होकार दिला तरीही. तरी अशा फोनसाठी नोकऱ्या सोडलेल्या आया मला भेटल्या आहेत. पुढची पायरी म्हणजे अर्धवेळ वेळापत्रक, आणि त्यानंतर 'घरीच शिकवा ना' असा सल्ला. शाळेच्या सोयीसाठी मुलाचं नाव पटावरून असं गळायला लावण्याची व्याख्या ऑफस्टेडने २०१९ मध्येच केली होती.

म्हणून समावेशनाचा शेरा देताना आत बसलेल्या मुलांइतकंच न दिसणाऱ्या मुलांकडे पाहायला हवं. गेल्या दोन वर्षांत कोण सोडून गेलं, त्यांत विशेष गरजांची मुलं किती, ती कुठे गेली. अर्धवेळ कोण येतं आणि ते पूर्णवेळ कधी होणार याची तारीख आहे का. आजूबाजूच्या शाळांच्या मानाने इथल्या यादीत मुलं फारच कमी का. हे प्रश्न इन्स्पेक्टरनी विचारावेत, पण त्याआधी गव्हर्नरांनी विचारावेत, आणि ज्या शाळेत सगळी मुलं येतात तिला इतर शेऱ्यांत त्याची शिक्षा होऊ नये एवढं तरी नव्या पद्धतीने पाहावं. ते होईल याची मला खात्री नाही. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की विशेष गरजांसाठीचा सरकारी निधी दहा वर्षांत महागाई वजा जाता ५८ टक्के वाढून १०.७ अब्ज पौंडांवर गेला, पण मुलांच्या पदरात त्या मानाने काही पडल्याचं दिसत नाही. एवढी मोठी गळती एका शेऱ्याने बुजणार नाही. पण शाळेच्या चार भिंतींत काय होतं ते शाळेच्या हातात आहे.

गेल्या सत्रात मी सेन्कोकडे गेले तेव्हा फाइल टेबलावर नव्हती. तिने मला सरळ वर्गांत नेलं. दुसऱ्या वर्षाच्या बाईंनी सांगितलं की सकाळचा वाचनगट त्यांनी बंद केला. मुलं गटात वाचत होती, वर्गात आल्यावर नाही. त्याऐवजी तेच शब्द आता इतिहासाच्या तासाला घेतात. पाचव्या वर्षातल्या टीएने एका मुलाच्या शेजारून खुर्ची हलवून दोन बाकं मागे नेली आहे. पहिले आठ दिवस तो मागे वळून वळून पाहायचा, म्हणाली. आता हात वर करतो, कधीकधी.

"आणि हे," सेन्को वहीतलं एक पान दाखवत म्हणाली, "हे चालू ठेवायचं की थांबवायचं, आमचं ठरत नाहीये." मग आम्ही त्यावर तासभर बोललो. त्यात तपासणीचा विषय निघाला नाही.